अवयव वाचवणारी शस्त्रक्रिया आणि रेडिओथेरपी : हाडाच्या कर्करोगात दोन्हींचा क्रम कसा ठरवावा आणि उपचार कसा पार पाडावा

हाडाच्या कर्करोगाचे निदान कानावर पडले की घरातल्या प्रत्येकाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हात किंवा पाय राहील का, हा. आज बहुतेक रुग्णांना या प्रश्नाचे उत्तर ‘राहील’ असे देता येते. १९७० च्या दशकापूर्वी ऑस्टिओसार्कोमा या हाडाच्या कर्करोगासाठी अवयव कापून टाकणे हाच नेम होता, आणि तो कापूनही पाचांपैकी चारांहून अधिक रुग्ण दगावत, कारण निदान होईपर्यंत गाठीच्या सूक्ष्म पेशी फुप्फुसांत पोहोचलेल्या असत. केमोथेरपीने हे चित्र पालटले. एमआरआयमुळे गाठीची हद्द नेमकी कळू लागली आणि कृत्रिम सांधे व हाडांचे रोपण यांमुळे काढलेल्या हाडाची जागा भरून काढता येऊ लागली.

दुसरा प्रश्न मात्र फार उशिरा विचारला जातो. रेडिओथेरपी, म्हणजे किरणोपचार किंवा रेडिएशन, लागणार आहे का, आणि लागणार असेल तर शस्त्रक्रियेच्या आधी की नंतर? शस्त्रक्रिया होऊन टाके निघाल्यावर हा विषय निघाला, तर तोवर बायोप्सीची (तपासणीसाठी गाठीचा तुकडा घेण्याची) जागा, छेदाची दिशा, जखमेतले पाणी बाहेर काढणारी ड्रेनची नळी, इम्प्लांटचा धातू आणि जखमेवर ओढून आणलेला स्नायू हे सारे ठरून गेलेले असते, आणि किरणोपचाराला त्या सगळ्याशी जुळवून घ्यावे लागते. पुढचे मार्गदर्शन रुग्ण आणि त्यांच्यासोबत असणाऱ्या कुटुंबीयांसाठी आहे, आणि त्यातली सर्वांत महत्त्वाची सूचना हीच आहे की हाडांचे सर्जन, केमोथेरपीचे डॉक्टर आणि रेडिएशनचे डॉक्टर यांनी रुग्णाची कागदपत्रे एकत्र बसून, पहिल्या शस्त्रक्रियेच्या आधी पाहिली आहेत ना, याची खात्री करून घ्यावी.

आधी गाठीची जात समजून घ्यावी

हाडाच्या सर्व कर्करोगांवर किरणांचा सारखा परिणाम होत नाही, त्यामुळे शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला रेडिएशन मिळाले आणि आपल्याला मिळाले नाही, एवढ्यावरून उपचारात काही राहून गेले असा निष्कर्ष काढू नये. ऑस्टिओसार्कोमा हा हाडात सुरू होणारा सर्वांत जास्त आढळणारा घातक अर्बुद. तो बहुधा वाढीच्या वयात, गुडघ्याच्या आसपास म्हणजे मांडीच्या हाडाच्या खालच्या किंवा नडगीच्या वरच्या टोकाला होतो, आणि दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकालाही दिसतो. या पेशी किरणांना फारशी दाद देत नाहीत. त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वी काही आठवडे केमोथेरपी, मग गाठ भोवतीच्या निरोगी भागाच्या कडेसह काढणे आणि नंतर पुन्हा केमोथेरपी हाच येथे मुख्य मार्ग आहे. रेडिओथेरपीचा विचार होतो तो गाठ कमरेच्या, मणक्याच्या किंवा कवटीच्या तळाच्या हाडात असून पूर्ण काढता येत नसेल तेव्हा, किंवा काढल्यानंतर कडेवर पेशी उरल्याचे दिसले तेव्हा. अशा वेळी मात्राही मोठी, बहुधा ६० ग्रेच्या पुढची लागते.

युइंग सार्कोमा या हाडाच्या दुसऱ्या कर्करोगाची गोष्ट अगदी वेगळी आहे. जेम्स युइंग यांनी १९२१ साली या गाठीचे स्वतंत्र वर्णन केले तेव्हाच ती किरणांनी विरघळते हे त्यांच्या ध्यानात आले होते, आणि ती ऑस्टिओसार्कोमाहून निराळी आहे असे मानण्यामागे हे एक कारण होते. आजही या गाठीत रेडिओथेरपी हा शस्त्रक्रियेच्या बरोबरीचा उपचार मानला जातो. गाठ काढता येण्याजोगी असेल तर शस्त्रक्रिया, काढल्याने अवयवाचे काम फारच बिघडणार असेल किंवा काढणे अशक्य असेल तर फक्त रेडिएशन, आणि काढूनही कड अपुरी राहिली तर दोन्ही, अशा तीन वाटा येथे असतात. केमोथेरपी या तिन्हींत असतेच.

कॉन्ड्रोसार्कोमा, म्हणजे कूर्चेपासून होणारी गाठ, बहुधा प्रौढ वयात दिसते. तिच्यावर नेहमीच्या केमोथेरपीचा आणि नेहमीच्या मात्रेतल्या किरणांचाही फारसा परिणाम होत नाही, म्हणून हातापायातल्या गाठीत सर्व भिस्त चांगल्या शस्त्रक्रियेवर असते. कवटीच्या तळाशी जिथे सुरी पूर्ण पोहोचत नाही, तिथे प्रोटॉनसारख्या किरणांनी ७० ग्रेच्या आसपासची मोठी मात्रा देतात, कारण प्रोटॉन ठरावीक खोलीवर आपली ऊर्जा सोडून थांबतात आणि पलीकडचा भाग वाचतो.

येथे ‘ग्रे’ म्हणजे काय तेही सांगायला हवे. एक किलो ऊतीने एक ज्यूल ऊर्जा शोषली की ती मात्रा एक ग्रे. बोलीभाषेत रेडिएशनला ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात, पण या शेकात ऊब नसते. एवढ्या ऊर्जेने ऊतीचे तापमान जाणवेल इतकेही वाढत नाही. किरण पेशीच्या डीएनएमध्ये तुटी पाडतात आणि पेशी विभागायला गेली की तिथे अडकून मरते. त्यामुळेच परिणाम दिसायला दिवस आणि आठवडे लागतात, आणि त्यामुळेच किरण घेतलेल्या जागी घरी गरम पाण्याची पिशवी लावून ‘शेकाला जोड देणे’ हा उपाय नसून नुकसान आहे.

बायोप्सी होण्यापूर्वी

बायोप्सीची सुई ज्या वाटेने आत जाते त्या वाटेवर गाठीच्या पेशी सांडल्या असण्याची शक्यता असते, म्हणून मुख्य शस्त्रक्रियेत ती संपूर्ण वाट गाठीबरोबर काढून टाकतात. ती चुकीच्या बाजूने किंवा आडव्या छेदाने घेतली, तर काढायचा भाग वाढतो, आणि किरण द्यायचे क्षेत्रही वाढते. वाचवता आला असता असा अवयव केवळ घाईने घेतलेल्या बायोप्सीमुळे हातचा जाऊ शकतो. म्हणून बायोप्सी शक्यतो त्याच सर्जनकडून किंवा त्याच्या सांगण्याप्रमाणे व्हावी, जो पुढे गाठ काढणार आहे, आणि ती होण्यापूर्वी त्या भागाचा एमआरआय झालेला असावा. आधीच बायोप्सी होऊन गेली असेल तर खंत करत बसण्याऐवजी तिच्या व्रणाचा फोटो आणि कोणत्या बाजूने सुई घातली याची नोंद जपून ठेवावी, कारण रेडिएशनचे डॉक्टर ती मागणार आहेत.

आधी, नंतर, की शरीराबाहेर

शस्त्रक्रियेआधी रेडिएशन देण्याचा फायदा असा की गाठ जागेवर असते, रक्तपुरवठा शाबूत असतो, मात्रा कमी पुरते आणि क्षेत्रही लहान राहते. तोटा एकच, पण मोठा: किरण घेतलेली त्वचा आणि स्नायू सावकाश भरतात, त्यामुळे जखम उसवण्याचा, पाणी साचण्याचा आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. नंतर रेडिएशन दिले तर जखम आधी भरून आलेली असते, आणि संपूर्ण गाठ सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावरच रेडिएशन खरोखर लागते की नाही हे ठरवता येते. पण शस्त्रक्रियेत हाताळलेला सारा भाग, व्रण आणि ड्रेनची जागा क्षेत्रात घ्यावी लागते, मात्रा बहुधा वाढवावी लागते आणि त्यामुळे वर्षांनंतरचा ताठरपणा, सूज आणि हाड मोडण्याचा धोका अधिक राहतो.

या तुलनेचे सर्वांत स्वच्छ आकडे हाडाच्या नव्हे, हातापायांच्या मऊ ऊतींच्या (स्नायू, चरबी यांच्या) सार्कोमा या कर्करोगातून आले आहेत. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील अभ्यासात, आधी ५० ग्रे मिळालेल्यांपैकी ३५ टक्क्यांना, तर नंतर ६६ ग्रे मिळालेल्यांपैकी १७ टक्क्यांना जखमेचा त्रास झाला. हे आकडे हाडाच्या गाठीला जसेच्या तसे लावू नयेत, पण त्यांतली देवाणघेवाण तीच आहे: आधी घेतले तर जखम रेंगाळते, नंतर घेतले तर अवयवाला पुढची अनेक वर्षे किंमत मोजावी लागते. जखमेचा त्रास बहुतेकदा काही महिन्यांत आटोक्यात येतो, ताठरलेला सांधा मात्र सहसा पूर्ववत होत नाही. म्हणून लहान वयाच्या रुग्णाच्या बाबतीत मला हा दुसरा तोटा अधिक जड वाटतो. पण मोठे धातूचे इम्प्लांट त्वचेलगत बसणार असेल तर पारडे उलटे फिरू शकते, कारण तिथे उसवलेली जखम म्हणजे थेट इम्प्लांटपर्यंत पोहोचलेले जंतू.

युइंग सार्कोमात शस्त्रक्रियेनंतर सूक्ष्म पेशी उरल्या असतील तर नेहमीची मात्रा ५०.४ ग्रेच्या आसपास असते. रोज १.८ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस या हिशेबाने ती २८ सिटिंगमध्ये (सिटिंग म्हणजे एका दिवसाचा उपचार), म्हणजे साडेपाच आठवड्यांच्या थोड्या पुढे संपते. शस्त्रक्रियेऐवजी फक्त रेडिएशन असेल तर मात्रा ५५ ते ६० ग्रे लागते. ५५.८ ग्रे धरले तर ३१ सिटिंग होतात. आपली मात्रा यापेक्षा वेगळी असू शकते. पण ती किती आहे, रोज किती दिली जाणार आहे आणि एकूण किती सिटिंग आहेत, हे तिन्ही आकडे विचारून वहीत लिहून ठेवावेत.

काही केंद्रांत एक तिसरी रीत वापरतात, आणि तिच्याविषयी नातेवाइकांना फार कमी सांगितले जाते. सर्जन गाठ असलेला हाडाचा तुकडा निरोगी कडेसह शरीरातून पूर्ण बाहेर काढतात. त्याच्या भोवतीचा गाठीचा मऊ भाग सोलून तपासणीला पाठवतात, हाड ओल्या निर्जंतुक कापडात गुंडाळून निर्जंतुक पिशव्यांच्या एकावर एक थरांत बंद करतात आणि ते रेडिएशनच्या यंत्राकडे नेतात. तिथे त्याला एकाच वेळी बहुधा ५० ग्रे मात्रा दिली जाते. जिवंत पायाला एका बैठकीत एवढी मात्रा कधीच देता आली नसती. पण हाड बाहेर असल्याने त्वचा, नसा आणि रक्तवाहिन्या त्यातून वाचतात. दरम्यान शस्त्रक्रियागृहात जखम धुऊन तयार ठेवलेली असते. परत आलेले हाड स्वच्छ करून पट्ट्या आणि स्क्रूंनी त्याच्या मूळ जागी बसवतात. स्वतःचेच हाड असल्याने ते तंतोतंत जुळते, स्नायूबंध त्याला पुन्हा जोडता येतात आणि दात्याच्या हाडाची वाट पाहावी लागत नाही. मात्र ते हाड आता निर्जीव आहे. शेजारच्या जिवंत हाडाशी ते सांधायला अनेक महिने लागतात, काही वेळा सांधतच नाही, आणि संसर्ग किंवा मोड हे धोके राहतात. आणखी एक बाब आवर्जून लक्षात घ्यावी: या रीतीने फक्त काढलेल्या हाडाला किरण मिळतात, पायात उरलेल्या ऊतींना नाही. म्हणून कड अपुरी असेल तर नेहमीच्या रेडिएशनचा प्रश्न तसाच शिल्लक राहतो. आणि सारे हाड कापून तपासता येत नसल्याने केमोथेरपीचा परिणाम किती झाला याचे मोजमापही अपुरे राहते.

अहवालातल्या दोन ओळी

शस्त्रक्रियेनंतर पॅथॉलॉजीचा अहवाल हाती आला की त्यातल्या दोन गोष्टी शोधाव्यात. पहिली, कडा कशा आहेत: पेशीमुक्त, जवळच्या, की पेशीयुक्त. दुसरी, केमोथेरपीने किती टक्के गाठ मेली आहे. ऑस्टिओसार्कोमात ९० टक्के किंवा अधिक पेशी मेल्या असतील तर प्रतिसाद चांगला मानतात. युइंग सार्कोमात कड जवळची असेल किंवा बऱ्याच पेशी जिवंत दिसत असतील तर शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन देण्याकडे कल राहतो. या ओळी वाचून स्वतः निर्णय घ्यावा असे नव्हे. पण त्या ठाऊक असल्या की ‘आमच्या बाबतीत रेडिएशन का’ किंवा ‘का नाही’ हा प्रश्न नेमका विचारता येतो आणि उत्तरही नेमके मिळते.

शस्त्रक्रियेनंतरचे रेडिएशन जखम पूर्ण भरल्याशिवाय सुरू करत नाहीत, आणि ते फार लांबवूही नये. बहुधा चार ते सहा आठवड्यांच्या सुमारास सुरुवात होते. आधी रेडिएशन झाले असेल तर शस्त्रक्रियेपूर्वी साधारण तेवढेच थांबतात, म्हणजे त्वचेचा दाह ओसरतो. या मधल्या काळात रुग्ण धूम्रपान करत असेल तर ते सोडणे हा त्याच्या हातातला सर्वांत मोठा उपाय आहे, कारण तंबाखूमुळे जखम आणि हाड दोन्ही उशिरा भरतात.

मापे घेण्याचा दिवस

पहिल्या सिटिंगच्या काही दिवस आधी सिम्युलेशन होते. त्या दिवशी उपचार होत नाही, फक्त मापे घेतली जातात, तरी पुढचे सहा आठवडे त्या तासाभरावर उभे असतात. रुग्णाला सपाट, कडक टेबलावर झोपवतात. पाय एका मऊ पिशवीत ठेवतात, तिच्यात बारीक दाणे भरलेले असतात. हवा ओढून घेतली की पिशवी पायाच्या आकारात दगडासारखी घट्ट होते, आणि घोटा, गुडघा, टाच रोज त्याच खळग्यांत बसू लागतात. मग सीटी स्कॅन होतो, व्रणावर आणि ड्रेनच्या जागेवर स्कॅनमध्ये दिसणारी बारीक तार चिकटवतात, आणि त्वचेवर तिळाएवढे दोन-तीन ठिपके गोंदवतात किंवा शाईच्या खुणा करतात. शाईच्या खुणा असतील तर त्या घासून धुऊ नयेत, आणि फिकट झाल्या तर स्वतः पेनने गिरवू नयेत. तंत्रज्ञांना दाखवाव्यात.

या दिवशी रुग्णाने ज्या स्थितीत झोपायचे ती त्याला रोज सहन होईल अशीच असावी. पहिल्याच दिवशी संकोचाने ‘चालेल’ म्हटले आणि तिसऱ्या आठवड्यात गुडघा त्या कोनात राहीनासा झाला, तर मापे पुन्हा घ्यावी लागतात. दुखत असेल तर तासभर आधी वेदनाशामक घेऊन यावे का, हे विचारून ठेवावे. अगदी लहान मुलांना स्थिर ठेवण्यासाठी रोज थोड्या वेळाची भूल द्यावी लागते, तिची तयारीही याच वेळी होते.

आत धातूचे इम्प्लांट असेल तर त्याची माहिती, म्हणजे कोणता धातू आणि केवढा, शस्त्रक्रियेच्या कागदांतून रेडिएशन विभागाला द्यावी. धातूमुळे सीटीच्या चित्रात काळेपांढरे पट्टे उमटतात आणि भौतिकतज्ज्ञांना मात्रेचा हिशेब हाताने सुधारावा लागतो. रेडिएशन लागणार हे आधी ठरले असेल तर काही ठिकाणी कार्बन फायबरचे इम्प्लांट निवडता येते, त्यात हा अडथळा बराच कमी होतो. शस्त्रक्रियेआधीचा एमआरआय तर सोबत हवाच, कारण गाठ काढून झाल्यावर ती मुळात कुठवर पसरली होती हे सांगणारा दुसरा साक्षीदार उरत नाही.

आराखडा तयार झाल्यावर डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारावा: पायाच्या संपूर्ण घेराला किरण लागणार आहेत का? हातापायाच्या रेडिएशनचा जुना आणि मोलाचा नियम असा की लांबीच्या दिशेने त्वचेची आणि तिच्याखालच्या ऊतींची एक पट्टी किरणांपासून मोकळी ठेवावी. त्या पट्टीतून लसिका, म्हणजे ऊतींतला द्रव, वर वाहत राहते. पूर्ण घेर भाजला तर खालचा भाग कायमचा सुजण्याचा धोका असतो. त्याच रीतीने सांध्याचा काही भाग आणि टाचेमागचा स्नायुबंध मोकळा ठेवण्याचा प्रयत्न होतो. सर्जनने ड्रेनची नळी छेदाच्या रेषेतच आणि त्याच्या जवळून बाहेर काढली असेल तर ही पट्टी सहज राखता येते. नळी पायाच्या मागच्या बाजूने काढली असेल तर तीही जागा क्षेत्रात घ्यावी लागते आणि पट्टी हातून जाते. एका नळीच्या भोकावर एवढे अवलंबून असते, म्हणून तर रेडिएशनच्या डॉक्टरांना आधी भेटावे.

वाढत्या वयातल्या मुलांसाठी

गुडघ्याजवळच्या वाढीच्या चकत्या पायाला सर्वाधिक उंची देतात. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाची चकती वर्षाला साधारण ९ ते १० मिलिमीटर, तर नडगीच्या वरच्या टोकाची साधारण ६ मिलिमीटर भर घालते. मुलांची ही वाढ सोळाव्या, तर मुलींची चौदाव्या वर्षाच्या सुमारास थांबते. म्हणजे दहा वर्षांच्या मुलाची मांडीची चकती शस्त्रक्रियेत गेली किंवा किरणांनी थांबली, तर वाढ संपेपर्यंत दोन्ही पायांत साडेपाच ते सहा सेंटिमीटरचा फरक पडू शकतो. हा हिशेब सर्जनकडून आपल्या मुलाच्या वयाप्रमाणे करून घ्यावा. टप्प्याटप्प्याने लांब करता येणारे कृत्रिम सांधे असतात, दुसऱ्या पायाची वाढ योग्य वेळी थांबवता येते, आणि लहान फरकाला बुटातली उंची पुरते. पण यांतले प्रत्येक पाऊल वेळेवर टाकावे लागते.

गाठ कमरेच्या हाडात असेल तर बीजांडकोश, गर्भाशय किंवा वृषण किरणांच्या क्षेत्राजवळ येतात. प्रजननक्षमता जपण्याविषयीचे बोलणे केमोथेरपीच्या पहिल्या मात्रेआधी व्हायला हवे, कारण ती औषधेही तितकेच नुकसान करतात. वयात आलेल्या मुलाचे वीर्य गोठवून ठेवता येते. मुलींच्या बाबतीत बीजांडे गोठवणे किंवा बीजांडकोश क्षेत्राबाहेर सरकवणे हे पर्याय असतात. आईवडिलांना हा विषय काढणे जड जाते. डॉक्टरांनी काढला नाही तर त्यांनीच काढावा.

उपचाराचे आठवडे

प्रत्यक्ष सिटिंग काही मिनिटांची असते. यंत्र फिरते, गुणगुणते, आणि काहीही जाणवत नाही. रुग्ण खोलीत एकटा असतो. मात्र कॅमेरा आणि ध्वनिक्षेपकातून तंत्रज्ञ त्याला पाहत आणि ऐकत असतात, आणि त्याने हात हलवला की यंत्र थांबवता येते. उपचारानंतर रुग्णाच्या अंगातून किरण बाहेर पडत नाहीत, त्यामुळे त्याला जवळ घ्यायला, त्याच्या शेजारी झोपायला काहीही हरकत नाही.

पहिले दोन आठवडे बहुधा सुखाचे जातात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्वचा लालसर किंवा काळसर होते, खाजते, मग कोरडी सोलवटते, आणि घडीच्या जागी, उदाहरणार्थ जांघेत किंवा गुडघ्यामागे, ओलसर साल निघू शकते. शेवटच्या सिटिंगनंतरही आठ-दहा दिवस हे वाढते आणि मग ओसरते. त्यामुळे उपचार संपले आणि कातडे अधिकच बिघडले, असे पाहून घाबरू नये. ती जागा कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने हलक्या हाताने धुवावी, टॉवेलने घासू नये, टिपून घ्यावी. सैल सुती कपडे घालावेत. चिकटपट्टी, वस्तरा, बर्फ, गरम पिशवी, सुगंधी द्रव्ये आणि घरगुती लेप त्या जागेपासून दूर ठेवावेत. मलम लावायचे तर डॉक्टरांनी दिलेलेच लावावे. उन्हात ती जागा झाकावी, आणि हे पुढे वर्षानुवर्षे पाळावे.

थकवा हळूहळू चढतो आणि झोपून जात नाही. दिवसातून थोडे चालणे किंवा बसल्या जागी ठरलेला व्यायाम केल्याने तो निव्वळ विश्रांतीपेक्षा अधिक कमी होतो. सिटिंग चुकवू नये, कारण मध्ये खंड पडला की उरलेल्या पेशींना सावरायला अवधी मिळतो. यंत्र बंद पडल्याने किंवा तापामुळे दिवस बुडालाच, तर तो कसा भरून काढणार हे विचारावे.

केमोथेरपी याच काळात चालू असेल तर दोन औषधांची नावे ध्यानात ठेवावीत: डॉक्सोरुबिसिन आणि डॅक्टिनोमायसिन. ही किरणांचा दाह वाढवतात, म्हणून रेडिएशनच्या आठवड्यांत ती सहसा वगळतात. रेडिएशन संपल्यानंतर काही आठवड्यांनी ती दिली तर जुन्या क्षेत्रातली त्वचा पुन्हा लाल होऊन पेटू शकते. असे झाले तर तो नवा आजार किंवा संसर्ग समजून घरी बसू नये, केमोथेरपीच्या डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवावे.

सांधा हलता ठेवणे हे या आठवड्यांतले सर्वांत कष्टाचे आणि सर्वांत फळ देणारे काम आहे. किरणांनी स्नायूंत तंतू धरतात आणि ते आखडत जातात. हे आखडणे उपचार संपल्यावरही महिनोन् महिने चालूच राहते. म्हणून फिजिओथेरपिस्टने आखून दिलेला व्यायाम रेडिएशनच्या पहिल्या दिवसापासून, त्वचा दुखत असली तरी शक्य तितका, आणि संपल्यावर किमान वर्ष-दोन वर्षे रोज करावा. गुडघा किती वाकतो याचा अंश आठवड्यातून एकदा मोजून वहीत लिहावा. वाकणे कमी होऊ लागले की ते डोळ्यांना जाणवण्याआधी आकड्यात दिसते. किती भार द्यायचा हे मात्र सर्जनच ठरवतील, कारण रोपलेले हाड अजून सांधलेले नसेल तर उत्साहाने टाकलेले एक पाऊल पट्टी तोडू शकते.

जखमेतून पाणी किंवा पू येणे, व्रणाची कड उघडणे, ताप, पोटरी एकाएकी सुजून दुखणे, पायाला नव्याने बधिरपणा येणे, आणि केमोथेरपी चालू असताना ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप, यांसाठी पुढच्या भेटीची वाट पाहू नये. कमरेच्या भागावर रेडिएशन आणि सोबत आयफॉस्फामाइड किंवा सायक्लोफॉस्फामाइड ही केमोथेरपीची औषधे चालू असतील तर लघवीत रक्त दिसल्यासही लगेच कळवावे.

पुढची वर्षे

पहिली दोन-तीन वर्षे साधारण दर तीन महिन्यांनी छातीचे आणि त्या अवयवाचे चित्र काढतात, मग अंतर वाढत जाते. छाती यासाठी, की या गाठी परतल्या तर बहुधा फुप्फुसांत दिसतात, आणि तिथे लहान असताना सापडल्या तर काढता येतात.

किरण घेतलेले हाड दिसायला ठणठणीत असले तरी त्याच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्या विरळ झालेल्या असतात, त्यामुळे ते किरकोळ धक्क्याने मोडू शकते आणि मोडल्यावर फार सावकाश जुळते. मांडीच्या हाडात हा धोका विशेष असतो. त्या जागी नवीन, वाढत जाणारे दुखणे सुरू झाले तर एक्स-रे काढूनच पाय टेकवावा. अनेक वर्षांनी त्याच क्षेत्रात नवी गाठ होण्याची शक्यताही थोडी असते, म्हणून तिथला कोणताही नवा फुगवटा दाखवून घ्यावा. सूज येऊ लागली तर सुरुवातीलाच दाबपट्टी आणि लसिका निचऱ्याचा मसाज शिकून घ्यावा. जुनी, घट्ट झालेली सूज उतरवणे फार कठीण जाते.

शेवटच्या सिटिंगच्या दिवशी, निरोप घेण्याआधी, उपचाराचा लेखी सारांश मागून घ्यावा. त्यात एकूण मात्रा, सिटिंगची संख्या, सुरू आणि संपल्याच्या तारखा, किरणांचा प्रकार आणि क्षेत्राचे चित्र असावे, आणि सोबत शस्त्रक्रियेची टिपणी व इम्प्लांटची माहिती असावी. त्याची एक प्रत घरी आणि एक फोनमध्ये ठेवावी. पंधरा वर्षांनी कुठे पडून ते हाड दुखावले आणि समोरच्या डॉक्टरांनी रुग्णाला कधी पाहिलेच नसले, तर या हाडाने ५०.४ ग्रे घेतले आहेत आणि ते नेहमीसारखे जुळणार नाही, हे त्यांना हाच कागद सांगेल.